स्मारकाला जागा मिळते, दप्तराला?

बीड जिल्ह्यात परळीजवळ पांगरीला गोपीनाथगड या स्मारकाचे लोकार्पण झाले १२ डिसेंबर २०१५ रोजी. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातात गेले, तेव्हा केंद्रीय ग्रामविकासमंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा उलटला होता. दीड वर्षात गड उभा राहिला. जयंती-पुण्यतिथीला तिथे गर्दी लोटते, भाषणे होतात, पुढच्या निवडणुकीची गणितेही मांडली जातात.

मुंडे १९९५ ते १९९९ उपमुख्यमंत्री होते, गृहखाते त्यांच्याकडे होते. ऊसतोड मजुरांच्या दरवाढीसाठी शरद पवार आणि मुंडे यांचा लवाद बसे, त्यावर कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांची, मजुरी ठरे. त्या बैठकांत कोण किती रुपयांवर अडले, माघार कोणी घेतली, संपाचा इशारा केव्हा कामी आला, हे पुतळा सांगत नाही. त्यासाठी टिपणे, पत्रे, निवेदने लागतात. पण नेता गेला की चर्चा होते ती पुतळ्याच्या उंचीची. त्याच्या कपाटातल्या कागदांची यादी करा, असे कोणी म्हणत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कागदपत्रांचे ग्रंथालय १९४१ मध्ये खुले झाले आणि पुढे प्रत्येक अध्यक्षाच्या नावाने असे घर बांधायची प्रथाच पडली. वरच्या दालनांत गुणगानच असते, तिथले अभ्यासकही त्यावर नाके मुरडतात. मात्र निक्सन यांच्या ध्वनिफितींवरून रण माजल्यावर १९७८ चा कायदा आला आणि अध्यक्षांचे सरकारी कागद जनतेच्या मालकीचे ठरले. गुणगानाच्या खाली निदान कागदांची खोकी तरी असतात.

आपल्याकडे केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. दोन्हींचा भर खात्यांच्या फायलींवर. नेत्याच्या घरचा पत्रव्यवहार वारसांच्या मर्जीवर. प्रतिभा पाटील राष्ट्रपतिपदावरून उतरल्यावर वाद गाजला तो भेटवस्तूंचा: अमरावतीच्या संग्रहालयासाठी उसन्या नेलेल्या दीडशेहून अधिक वस्तू राष्ट्रपती भवनाने २०१५ मध्ये परत मागवल्या. वस्तूंचा हिशेब झाला, कागदांची विचारपूस कोणी केली नाही. आणि खात्यात राहिलेल्या फायली तरी कुठे सुरक्षित असतात? २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे मजलेच्या मजले जळाले.

घराण्यांनी काही जपलेच नाही, असेही नाही. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी, म्हणजे कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ, चारशे वर्षे टिकून आहे. पण ती भक्तीने टिकली. मंत्र्याच्या पत्रांना तेवढे भाग्य कुठले!

कागदाची किंमत बीडला खरी कळली ती २०२३ मध्ये. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातले गाठोडे-गाठोडे सुटू लागले. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, खासरा पत्रक, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे समितीला हैदराबादचीही वाट धरावी लागली. ज्या कोतवालाने कधीकाळी चार अक्षरे खरडली, त्याच्यावर आता नातवंडा-पतवंडांचे दाखले अवलंबून होते. त्याच दाखल्यांसाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला २ सप्टेंबर २०२५ रोजी.

ऊसतोड कामगारांसाठीच्या महामंडळालाही मुंडेंचेच नाव आहे. मात्र हंगामाआधी घेतलेली उचल, फिटलेली रक्कम आणि उरलेले कर्ज यांचा हिशेब बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीतच असतो. ती वही कोणत्याही अभिलेखागारात जात नाही, आणि मजुराच्या हाती तिची प्रतही नसते.