त्रिशंकूंची दिवाळी

दादर-पार्ल्यापासून पुण्याच्या सदाशिव पेठेपर्यंत कितीतरी घरांत दिवाळीच्या सुमारास एकच प्रश्न विचारला जातो, "यंदा तरी येतोस ना रे?" आणि अमेरिकेतून उत्तर येते, "आई, ग्रीन कार्डाचे काम चालू आहे. आत्ता निघता येत नाही." ऐकणाऱ्यांना ही सबब वाटते. परंतु वाचकहो, बहुतेक वेळा ती सबब नसते.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना. तेथेच राहून तो मागणारा मनुष्य 'आय-४८५' हा अर्ज करतो. अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी तो पूर्वपरवानगीवाचून देशाबाहेर गेला, तर त्याने अर्ज सोडून दिला असेच सामान्यतः धरले जाते. वर्षानुवर्षांची प्रतीक्षा एका विमानप्रवासात वाया!

आणि प्रतीक्षा तरी केवढी! नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने देण्याची तरतूद १९९० च्या कायद्याने केली. त्यांतही कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जायचे नाहीत. मग तो भारत असो की एखादे चिमुकले बेट! २००७ च्या उन्हाळ्यात अर्ज स्वीकारण्याचे दार काही काळ सताड उघडले होते. तेव्हा आत शिरलेल्या पुष्कळ भारतीयांना पुढे कित्येक वर्षे ताटकळावे लागले.

मग घरी यायचेच नाही का? तसे नाही. मार्ग दोन आहेत.

पहिला 'अ‍ॅडव्हान्स पॅरोल'. आपल्याकडे पॅरोल म्हटला की चार दिवस सुटलेला कैदी आठवतो. येथे ते परत येण्याच्या आगाऊ परवानगीचे नाव आहे. त्यासाठी 'आय-१३१' अर्ज करावा आणि मंजुरी हाती पडेपर्यंत थांबावे. कागद हाती असला तरी प्रवेशाचा अखेरचा निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचाच!

दुसरा मार्ग 'एच-१बी' आणि 'एल-१' व्हिसावर नोकरी करणाऱ्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा. १९९९ पासून त्यांना पॅरोलवाचून जा-ये करता येते. मात्र तो दर्जा टिकून असला पाहिजे आणि परतताना पासपोर्टवरील व्हिसा मुदतीत हवा. मुदत संपली असेल तर आधी अमेरिकन वकिलातीची पायरी चढणे आले. ज्या सूनबाईंनी ग्रीन कार्डाच्या अर्जामुळे मिळालेल्या परवान्यावर नोकरी धरली, त्यांना मात्र पॅरोलच लागतो. हा बारकावा पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

घरी कुणी अत्यवस्थ झाले, तर तेथील स्थानिक कार्यालयात तातडीचा पॅरोल मागता येतो. त्याला पुरावा लागतो. म्हणून इकडच्या मंडळींनी डॉक्टरांचे सविस्तर पत्र इंग्रजीत घेऊन त्वरित पाठवावे. मराठी दाखला असेल तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह, जोडावे लागते.

इतके करूनही कधी कागद वेळेवर येत नाही, आणि वडिलांचे अंत्यदर्शन मुलाला फोनच्या पडद्यावर घ्यावे लागते. अशा वेळी भावंडांनी त्याला बोल लावू नयेत. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची अवस्था असते. यंदा फराळाचा डबा पाठवताना "कधी येतोस?" असे विचारण्याआधी "पॅरोल आला का रे?" एवढे विचारून पाहा. आपली अडचण घरच्यांना कळली, याचे त्याला बरे वाटेल.