उडणारा बाण आणि थरथरणारा हात

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या तामलवाडीत आता लॅपटॉप ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुले शिक्षणासाठी सोलापूर-पुण्याला जातात, तिथेच नोकरीला लागतात. त्यांनी नवा लॅपटॉप घेतला की जुना गावी येतो. त्यावर निवृत्त गुरुजी निवृत्तिवेतन जमा झाले का ते पाहतात, आजी नातवंडांशी बोलतात, कोणी हौसेने आठवणी लिहायला घेतात. आणि मग काही दिवसांनी दवाखान्यात रक्तदाब मोजून झाल्यावर, उठता उठता, एक प्रश्न हळूच विचारला जातो : लिहिताना पडद्यावरचा बाण आपोआप उडतो, अक्षरे भलत्याच ओळीत जाऊन पडतात, न दाबलेले बटण दाबले जाते, हे हाताचे काही दुखणे तर नव्हे?

प्रश्न रास्त आहे. कधी दोष केवळ यंत्राचा असतो आणि माणूस उगाच स्वतःला म्हातारा, विसराळू ठरवून लॅपटॉप कपाटात ठेवून देतो. कधी दोष खरोखरच हाताचा असतो आणि घरचे लोक महिनोन्‌महिने यंत्राला नावे ठेवीत बसतात. या दोन्ही चुका टाळण्याजोग्या आहेत. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ.

कळफलकाच्या पुढे, आपल्या दोन्ही तळव्यांच्या मध्ये जी गुळगुळीत चौकोनी जागा असते ती टचपॅड. १९९४ साली अ‍ॅपल कंपनीच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ती आली आणि पुढे सर्वच लॅपटॉपमध्ये रूढ झाली. आपल्याला वाटते की ती बोटाचा दाब ओळखते. पण तसे नाही. तिच्या पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक जाळी असते. माणसाचे शरीर वीजवाहक असल्याने बोट जवळ आले की त्या जाळीवरील विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून बोट कोठे आहे हे यंत्र ताडते. म्हणूनच नखाने ती दाद देत नाही. म्हणूनच उतारवयातील कोरड्या, भेगाळलेल्या बोटांना ती कधी ओळख देत नाही आणि उलट तेलाचा किंवा पाण्याचा हात लागला की बाण सैरावैरा धावतो. आणि म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा मांसल भाग नुसता घासून गेला तरी यंत्राला वाटते, मालकाने बोट ठेवले.

नव्या यंत्रांत तळवा आणि बोट यांतला फरक ओळखण्याची सोय असते. तरी ती पूर्ण भरवशाची नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. बोटांचे सांधे ताठरलेले असतात, मनगट उचलून धरले तर लवकर दुखते, त्यामुळे हात लॅपटॉपवर टेकवूनच लिहिले जाते. मराठी लिहिताना दोन्ही हातांची बोटे कळफलकभर फिरतात आणि अंगठे सतत टचपॅडच्या कडेवरून ये-जा करतात. बाण उडतो तो इथे.

आपल्या पिढीतील अनेकांची संगणकाशी ओळख माउसमुळे झाली, हेही लक्षात घ्यावे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी वर्गांत कितीतरी शिक्षक आणि कारकून मंडळींनी पन्नाशीच्या आसपास प्रथमच माउस हातात धरला. ती सवय हाताला पक्की बसली आहे. त्यांना आता टचपॅडशी झुंज द्यायला लावण्यात काही शहाणपण नाही. एक साधा तारेचा माउस जोडावा आणि टचपॅड बंद करावे. लिहिताना बाण उडण्याचा त्रास बहुधा तिथेच संपतो.

बंद कसे करावे? विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'टचपॅड' असे जावे. विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस' आणि मग 'टचपॅड'. तिथे एक खटका दिसतो, तो बंद केला की काम झाले. परंतु माझा सल्ला असा की तो पूर्ण बंद करू नये. त्याच ठिकाणी (विंडोज ११ मध्ये खटक्याशेजारचा लहान बाण दाबल्यावर) 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड' अशी ओळ असते. तिच्यापुढची बरोबरची खूण काढून टाकावी. म्हणजे माउस जोडलेला असेपर्यंत टचपॅड आपोआप झोपलेले राहते आणि माउस काढला की जागे होते. माउस बिघडला म्हणून माणूस अडून बसत नाही. अ‍ॅपलच्या यंत्रात हीच सोय 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' विभागातील 'पॉइंटर कंट्रोल'मध्ये आहे.

बिनतारी माउस असेल तर एक बारकावा सांगायला हवा. त्याचा चिमुकला ग्राहक लॅपटॉपच्या खाचेत बसवलेला असतो. माउसमधील सेल संपला तरी तो ग्राहक तिथेच असल्याने यंत्राला वाटते माउस जोडलेला आहे. टचपॅड जागे होत नाही आणि माउसही चालत नाही. अशा वेळी तो ग्राहक उपटून काढावा. मला स्वतःला ज्येष्ठांसाठी तारेचा माउसच बरा वाटतो : सेलची कटकट नाही आणि तो गादीखाली हरवतही नाही.

याच्या उलट प्रकारही नेहमीचा. कोणी काही केले नाही, तरी टचपॅड एकाएकी मेल्यासारखे होते. बहुतेक वेळा कळफलकाच्या वरच्या ओळीतील एखादी कळ नकळत दाबली गेलेली असते. त्या कळांवर बारीक चित्रे असतात. जिच्यावर लहान चौकोन आणि त्यावर आडवी रेघ किंवा बोट दिसेल ती टचपॅडची. ती एकटी, किंवा डाव्या कोपऱ्याजवळच्या 'एफएन' कळेसह दाबली की टचपॅड बंद-चालू होते. प्रत्येक कंपनीत ही कळ वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याचे पाहून दाबू नये. आपल्या यंत्रावरचे चित्र शोधावे. काही जुन्या लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर एक ठिपका असतो; तिथे दोनदा टिचकी मारली की तेच काम होते, आणि थरथरत्या हाताकडून ती टिचकी न कळत मारलीही जाते.

कळ सापडली नाही आणि घरात माउसही नाही, तरी वाट आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबावी, इंग्रजीत 'टचपॅड' हा शब्द लिहावा आणि एंटर दाबावे. सेटिंग्जचे पान उघडेल. मग 'टॅब' कळ एकेकदा दाबत जावे. खटक्याभोवती चौकट आली की लांब स्पेसची कळ दाबावी. कळफलक मराठीवर असेल तर विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून आधी इंग्रजीवर आणावा.

ज्यांना माउस नको आहे, बिछान्यावर बसून वापरायचे आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. त्याच पानावर 'टॅप्स' या भागात एका बोटाच्या टिचकीने क्लिक होण्याची सोय बंद करता येते आणि संवेदनशीलता 'लो'वर आणता येते. मग बोट फिरवले की बाण हलतो, पण नुसत्या स्पर्शाने काही उघडत नाही. मुद्दाम दाबावे लागते. बँकेच्या पानावर रक्कम भरताना नको ते बटण दाबले जाऊ नये यासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता यंत्राचेच, पण आरोग्याशी थेट निगडित असे दोन दोष. चार्जर लावलेला असतानाच बाण थरथरत असेल आणि चार्जर काढताच शांत होत असेल, तर घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. धातूच्या पृष्ठभागावर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे हीही तीच खूण असू शकते. पुष्कळ घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेमागे तार जोडलेलीच नसते. वीजतंत्रीला बोलवावे. दुसरा दोष अधिक गंभीर. टचपॅड मधोमध वर उचललेले दिसत असेल, दाबले जात नसेल किंवा लॅपटॉपचे बूड टेबलावर सपाट बसत नसेल, तर आतील बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. ती पेट घेऊ शकते. चार्जर तत्काळ काढावा, लॅपटॉप बंद करून दुरुस्तीच्या दुकानात द्यावा. टचपॅड दाबून खाली बसवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

हे सारे तपासले, आणि तरी बाण उडतोच आहे. तेव्हा हाताकडे पाहावे. पहिली कसोटी अगदी सोपी : तोच लॅपटॉप घरातील दुसऱ्या कोणी दहा मिनिटे वापरावा. त्याच्या हाती नीट चालत असेल तर ज्येष्ठाच्या हाती कोरा कागद आणि पेन द्यावे. मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जाणारी गोगलगाईच्या शंखासारखी चक्री काढायला सांगावी, हात कागदावर न टेकवता. मग एक पूर्ण वाक्य लिहायला सांगावे. चक्रीची रेघ नागमोडी आली, किंवा वाक्याची अक्षरे शेवटाकडे बारीक बारीक होत गेली, तर तो कागद तारीख घालून जपून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. माझ्या अनुभवात असा कागद दहा मिनिटांच्या तोंडी वर्णनापेक्षा अधिक सांगतो.

हाताचा कंप म्हणजे कंपवातच, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्यापायी माणसे उगाच धास्तावतात. काम करताना, पेला उचलताना, सही करताना, टचपॅडवर बोट नेताना जो दोन्ही हातांना कंप सुटतो, तो बहुधा वेगळ्या जातीचा असतो. तो अनेकदा घराण्यात चालत येतो. कंपवातातील कंप मुख्यत्वे हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुधा एका बाजूने सुरू होतो. त्या रुग्णाला टचपॅडवर अडचण येते ती थरथरीपेक्षा मंदपणाची : दोन क्लिक लागोपाठ करायला जावे तर मध्ये इतका वेळ जातो की यंत्र त्यांना दोन वेगळे क्लिक समजते. सेटिंग्जमध्ये दुहेरी क्लिकचा वेग कमी करता येतो, तो करून द्यावा. पण चालणे मंदावले आहे का, चेहरा निर्विकार झाला आहे का, हेही पाहावे.

याखेरीज थायरॉइडचा अतिस्राव, रक्तातील साखर उतरणे, दम्यावरील सॅल्ब्युटॅमॉल, फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट, आणि हो, दिवसाकाठी आठ कप चहा, यांनीही हात कापतो. औषध आपल्या मनाने थांबवू नये. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून दवाखान्यात आणावीत. मधुमेहींची बोटे बधिर झालेली असतात किंवा एखादे बोट वाकून अडकते. अंगठ्याच्या मुळाशी झीज असली की टचपॅडवर तासभर काम केल्याने ठणका लागतो. यांवर उपाय आहेत, ते अंगावर काढू नयेत.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात लॅपटॉपकडे पाहूच नये. काल नीट लिहिणारा हात आज अचानक जड पडला, एकाच बाजूची बोटे कळांवर चुकू लागली, सोबत तोंड वाकडे वाटले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. त्रास पहिल्यांदा नेमका किती वाजता जाणवला ती वेळ लक्षात ठेवून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या साडेचार तासांत योग्य रुग्णालयात पोचल्यास रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध देण्याचा विचार करता येतो. ते तास 'जरा पडून बघू' म्हणण्यात जातात.

परगावी असलेल्या मुलांना एवढे सांगणे आहे की सुट्टीत घरी आल्यावर आईवडिलांच्या लॅपटॉपमध्ये असे काही बदल केलेत, तर ते त्यांना दाखवून, त्यांच्याच हातून दोनदा करवून घ्या. न सांगता टचपॅड बंद करून गेलात तर चार दिवसांनी वडील यंत्र बिघडले म्हणून कोणाला तरी फोन लावतील. फोनवरून 'मी दुरुस्त करून देतो, एवढे अ‍ॅप घ्या' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पडद्याचा ताबा देणे म्हणजे बँकेची किल्ली देणे. तसे घडलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. टचपॅडच्या कळेचे चित्र एका कागदावर ठळक काढून, शेजारी आपला फोन क्रमांक लिहून, तो कागद लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून जा.