गाडीचं वय रबरात मोजा

अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांबीचा काळा रबरी पाइप. इंजिनाच्या वरच्या झाकणातून निघून हवेच्या वाटेला मिळणारा. तो काढून दोन्ही टोकं धरून वाकवला, तर बाहेरच्या वळणावर एकामागून एक बारीक भेगा उघडत गेल्या. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशाच. सरळ धरला की भेगा गायब. पाइप पुन्हा शहाजोगासारखा धडधाकट.

महिनाभर गाडी सिग्नलला उभी राहिली की आपोआप गुरगुरायची, मग दबायची, मग पुन्हा गुरगुरायची. नोएडातल्या आमच्या मिस्त्रीने बोनेट उघडायच्या आधीच निदान सांगितलं होतं, "सरजी, पंद्रह साल हो गए. बेच दो." दिल्लीत हल्ली हे वाक्य नमस्काराच्या जागी वापरतात. मी गाडी विकली नाही. पार्किंगमध्ये खाली चटई टाकली, टॉर्च तोंडात धरला आणि या गुरगुरण्याचं मूळ, म्हणजे हा पाइप, शोधून काढला. नवा पाइप शंभर रुपयांच्या आत मिळाला.

दिल्लीत गाडीचं वय कागदावर मोजतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांपुढच्या गाड्या रस्त्यावर नकोत असं सांगितलं, 2015 च्या एप्रिलात डिझेलसाठी ही मुदत दहा वर्षांवर आणली, आणि 2018 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. 1 जुलै 2025 ला तर पेट्रोल पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. दोन-तीन दिवसांत ते गुंडाळावं लागलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको म्हटलं, आणि डिसेंबरात ही सवलत बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. बीएस-4 हे गाड्यांच्या धुराचं मानक दिल्ली परिसरात 1 एप्रिल 2010 ला लागू झालं. माझी छोटी, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी त्यानंतर काही आठवड्यांनी घेतलेली. थोडक्यात वाचली.

कागद बाजूला ठेवून बोनेटखाली पाहिलं तर वेगळंच दिसतं. इंजिनाचा लोखंडी ठोकळा, क्रँक, गिअर यांना वेळच्या वेळी स्वच्छ तेल मिळालं तर पंधरा वर्षं म्हणजे फार नव्हेत. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांनी ती गाडी 2010 साली मृत्यू होईपर्यंत सोडली नाही, आणि पुढे कंपनीने ती नीटनेटकी करून आपल्या मुख्यालयात मांडली. कोरड्या हवेमुळे दिल्लीत पत्रा तसा टिकतो. मुंबईत आणि कोकणात गाडी पत्र्याने मरते. दिल्लीत ती रबराने मरते, असं माझं मत आहे. आणि रबर का मरतं याची गोष्ट पत्र्याच्या गंजापेक्षा कितीतरी रंजक आहे.

रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. नैसर्गिक रबरात आणि पुष्कळशा कृत्रिम रबरांत या साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात. ओझोन वायू नेमका या दुहेरी बंधांवर तुटून पडतो आणि साखळी कापतो. रबर सैल पडलेलं असेल तर वरच्या थरापुरतं नुकसान होतं. पण ते ताणलेलं असेल, उदाहरणार्थ पाइपच्या वळणावर किंवा क्लँप आवळलेल्या टोकाला, तर प्रत्येक कापाबरोबर भेग उघडते आणि ओझोनला आणखी आत जायला वाट मिळते. म्हणून ओझोनच्या भेगा नेहमी ताणाच्या दिशेला आडव्या असतात. माझ्या पाइपवरच्या भेगा अशाच होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. उष्णतेने येणारा कडकपणा वेगळा. त्यात रबर एकसारखं कडक होतं, नखाने दाबलं तर खळगा पडत नाही.

दिल्लीच्या हिवाळी धुक्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण ओझोनचा हंगाम उन्हाळा. गाड्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. आठ तासांच्या सरासरीसाठी आपल्याकडची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, आणि एप्रिल ते जून या काळात दिल्ली परिसरात ती वारंवार ओलांडली जाते. म्हणजे गाडी जो धूर सोडते, तोच ऊन खाऊन परत येतो आणि गाडीचे पाइप खातो.

हे आधी उमगलं लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या गाड्यांचे टायर इतर शहरांपेक्षा लवकर तडकत होते. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचं काम चाललं होतं अननसाच्या वासावर. वासाचे रेणू हवेतून गोळा करण्यात हात बसलेला, म्हणून त्यांनी शहराचा धूरही तसाच गोळा करून पाहिला. 1950 च्या सुमारास त्यांनी दाखवलं की गाड्यांचा धूर, तेलाच्या वाफा आणि ऊन एकत्र आले की ओझोन बनतो. तो मोजायला त्यांनी काय वापरलं? वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या. भेग पडायला किती मिनिटं लागतात त्यावरून हवेत ओझोन किती ते काढायचं. माझ्या हातातला पाइप म्हणजे पंधरा वर्षं चाललेलं तेच मोजमाप होतं.

मग सगळे पाइप ओझोनला दाद न देणाऱ्या रबराचे का करत नाहीत? तसं रबर आहे. त्याला ईपीडीएम म्हणतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. रेडिएटरचे जाड पाइप त्याचेच असतात आणि म्हणून ते बरीच वर्षं तग धरतात. पण पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की ईपीडीएम फुगून लिबलिबीत होतं. उलट नायट्राइल नावाचं रबर तेलाला पुरून उरतं, पण ओझोनपुढे हात टेकतं. दोन्ही गुण एकत्र हवेत तर पैसे जास्त पडतात. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात गल्लीच्या तोंडाशी काळ्या पाइपांची भेंडोळी टांगलेली असतात. दिसायला सगळी एकजात सारखी. तिथे व्यास सांगून पाइप मागणारा फसतो. आतून पाणी जाणार, पेट्रोल जाणार की तेलाची वाफ, हे आधी सांगायचं. रेडिएटरचा उरलेला तुकडा पेट्रोलच्या नळीला जोडणं हा जुगाड नव्हे, आगीला आमंत्रण आहे.

याच रसायनाने ब्रेकचा घात होतो. ज्याला आपण सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते ऑइल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि ब्रेकमधल्या रबरी वॉशरांचं त्याच्याशी जमतं. त्यात चुकून खरं तेल पडलं तर वॉशर फुगतात आणि ब्रेक अडकतात. मी बदललेले दोन जुने वॉशर रात्रभर दोन वाट्यांत ठेवले, एक ब्रेक ऑइलमध्ये आणि एक इंजिन ऑइलमध्ये. सकाळी पहिला होता तसाच होता. दुसरा शेजारी ठेवला तर त्याच मापाचा आहे हे कोणी मान्य केलं नसतं. (वाट्या स्वयंपाकघरातल्या नव्हत्या, हे घरच्यांच्या माहितीसाठी.)

या द्रवाची दुसरी खोड म्हणजे ते हवेतलं बाष्प पितं. डॉट-3 प्रतीचं ताजं द्रव निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. पाणी मुरल्यावर ही हद्द 140 पर्यंत खाली येते. उत्तराखंडच्या घाटात एकसारखा ब्रेक दाबत उतरताना हा फरक जिवावर बेततो. द्रव उकळून वाफ झाली की पेडल स्पंजासारखं आत जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. घरी करता येतं, पण दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची चावी सोडून बंद करायची, आणि चावी बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय काढायचा नाही. आमच्याकडे पेडलवर बायको असते. "दाब", "दाबलं", "सोड" या तीन शब्दांपलीकडे त्या तासात आम्ही काही बोलत नाही आणि ते बरंच असतं. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणत्याला शेजारी उभं करावं, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालू नये. जॅकखेरीज भक्कम स्टँड हवाच.

कूलंटबद्दल थोडक्यात. नोएडा-गुडगावच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. कॅल्शियमचे क्षार तापल्यावर पाण्यात कमी विरघळतात, म्हणून ते नेमके सर्वांत गरम भिंतीवर बसतात. इंजिनातही तेच होतं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका, आणि गरम असताना टोपी उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं; टोपी फिरली की एका क्षणात उकळून अंगावर येतं.

माझी आवडती तपासणी मात्र अंधारात होते. रात्री पार्किंगचा दिवा घालवून इंजिन चालू करायचं, बोनेट उघडायचं आणि स्पार्क प्लगच्या जाड तारांवर दुरून पाण्याचा हलका फवारा मारायचा. हात लांबच ठेवायचा, या तारांतून हजारो व्होल्ट धावत असतात. तारेचं आवरण म्हातारं झालं असेल तर निळसर ठिणग्या तारेवरून पत्र्याकडे उड्या मारताना दिसतात. आमच्या गाडीत अशा दोन दिसल्या.

ठिणगी अशी वाटेत गळून सिलिंडरमध्ये पडायची चुकली की काय होतं? सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं, त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही. धुराड्याच्या इंजिनाकडच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, आणि हे प्रमाण राखलं जातंय का हे तो सेकंदाला काही वेळा सांगत असतो: ऑक्सिजन उरला तर 0.1 व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त झालं तर 0.9 च्या. चुकलेल्या ठिणगीमुळे त्याला ऑक्सिजन दिसतो आणि तो इंजिनाच्या कंप्युटरला कळवतो की पेट्रोल कमी पडतंय. कंप्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो. ते सगळं पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा दिलेली ती जाळी मर्यादेबाहेर तापून वितळू शकते. काहीशे रुपयांच्या तारेपायी कन्व्हर्टर जातो, आणि त्याच्या बिलात माणूस गाडीच विकायला काढतो. बीएस-4 पेट्रोल गाडीला पीयूसीच्या प्रदूषण तपासणीत उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत ठेवावे लागतात. कन्व्हर्टर धड असेल आणि ठिणगी बरोबर पडत असेल तर पंधरा वर्षांची गाडीही ही परीक्षा सहज पार करते. बिघडलेली सहा वर्षांची नापास होते. कॅलेंडरवरून गाड्या हाकलणाऱ्या नियमावर माझा राग आहे तो इथे. पण हेही कबूल केलं पाहिजे की रस्त्यावर प्रत्येक गाडीच्या धुराड्यात नळी घालण्यापेक्षा कॅमेऱ्याला नंबर वाचायला लावणं सोपं असतं.

आता सुधारणेची गोष्ट, कारण नुसती डागडुजी किती करायची. डिसेंबरच्या धुक्यात हेडलाइट मिणमिणते वाटायचे. दुकानदार 100 वॉटचे बल्ब घे म्हणाला. ते बेकायदा तर आहेतच, शिवाय होल्डर वितळवतात. मी मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर 12.3. मधले 1.7 व्होल्ट कुठे गेले? दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर घेतात आणि तो सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या नाजूक स्विचमधून, मळलेल्या जोडांतून फिरून येतो. सुमारे 15 वॉट नुसत्या तारा तापवण्यात जात होते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात उतरत नाही, साधारण 3.4 व्या घाताने उतरतो. व्होल्टेज बारा टक्के कमी, तर प्रकाश एक तृतीयांशाहून अधिक कमी.

यावर उपाय रिलेचा. बॅटरीपासून 2.5 चौरस मिलिमीटरची जाड तार थेट बल्बपर्यंत न्यायची, बॅटरीशेजारीच तिच्यावर फ्यूज, मध्ये रिले. जुना स्विच आता नुसता रिलेला चिमटा काढतो, खरा करंट जवळच्या वाटेने जातो. मूळ वायर कुठेही कापायची नाही, सगळं प्लगवर बसतं. अर्थिंगची तार जिथे पत्र्याला लागते तिथला रंग खरवडायला मी विसरलो आणि पहिल्या दिवशी डावा दिवा पूर्वीपेक्षाही मंद लागला. खरवडल्यावर सॉकेटवर 13.7 व्होल्ट. बल्ब तेच, काच तीच, आणि हिशेबाने प्रकाश सुमारे 45 टक्के जास्त. बल्बचं आयुष्य मात्र या वाढीव व्होल्टेजने कमी होतं, तेव्हा एक जादा बल्ब डिकीत पडलेला बरा.

धुक्यात दूरचा झोत लावू नये, एवढं लक्षात ठेवायचं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते पांढऱ्या-पिवळ्यात फारसा भेद न करता सगळाच प्रकाश इकडेतिकडे फेकतात, आणि त्यातला बराचसा आपल्याच डोळ्यांत परत येतो. जवळचा, खाली वाकलेला झोतच कामाचा.

रिले बसवला त्या रात्री गाडी पार्किंगमधल्या भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. मिस्त्री सोसायटीत दुसऱ्या गाडीसाठी आला होता, तो थांबला. भिंतीवरचा झोत पाहिला, वाकून रिले पाहिला, तारेवरून बोट फिरवलं. "बेच रहे हो?" त्याने विचारलं. नाही म्हणालो. मग त्याने बोनेटखाली हात घालून रेडिएटरचा वरचा पाइप अंगठ्याने दाबला, क्लँपजवळ नख रुतवून पाहिलं आणि म्हणाला, "ये वाला भी बदल लो."