कोथिंबिरीची घाई नको

घरात काहीतरी लावावं असं मनात आलं, की बहुतेकांचा हात आधी धण्यांच्या डब्याकडे जातो. कुंडीत मूठभर धणे टाकायचे, रोज तांब्याभर पाणी ओतायचं आणि पंधरवड्यानंतरही काही उगवलं नाही, की ‘आपल्याला हातगुणच नाही’ म्हणून नाद सोडायचा. हातगुणाचा इथे संबंध नसतो. नवशिक्याला कोथिंबीर खरं तर अवघड जाते. काडीवर किंवा ठोंबावर येणारी झाडं आधी लावावीत, बियाण्याच्या वाटेला नंतर जावं.

ऊन

रोज चार तास ऊन मिळत असेल तर स्वयंपाकाला लागणारं जवळपास सगळं येतं. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये कुंड्या आत ओढा किंवा वर हिरवी जाळी बांधा. विदर्भ-मराठवाड्यात तर याला पर्यायच नाही. ऊन फारच कमी असेल तर पुदिन्यावर समाधान मानावं.

माती आणि पाणी

नुसती लाल माती कुंडीत भरली की काही दिवसांत तिचा दगड होतो. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. कुंडीला तळाशी भोकं हवीतच. दिसायला देखण्या, पण बिनभोकाच्या कुंड्या शोभेपुरत्या ठेवा.

घरातली झाडं तहानेपेक्षा अतिपाण्यानेच जास्त मरतात. बोट पेरभर मातीत खुपसून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढून टाका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

पहिले तीन

गवती चहाचा मुळं असलेला ठोंब शेजाऱ्यांकडून मागून आणावा. बारा इंची कुंडीत लावला की तो फार काही मागत नाही. पात कापताना बुडापासून चार बोटं ठेवून कापायची, म्हणजे पुन्हा फुटते. दोनेक वर्षांनी कुंडी गच्च भरली की ठोंब वेगळे करून वाटून टाका.

ओव्याच्या पानांची काडी तोडून मातीत खोचली की जगते. पानं मांसल, म्हणून पाणी बेतानेच. भज्यांसाठी हीच पानं. ओव्याचे दाणे मात्र वेगळ्याच झाडाचे.

पुदिन्यासाठी रोपवाटिकेत जायचीही गरज नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसली की मातीत लावा. कुंडी उथळ पण पसरट हवी, आणि ती एकट्या पुदिन्याचीच. त्याची धावती खोडं शेजारच्या झाडाला जागा ठेवत नाहीत.

कढीपत्ता

हे झाड आहे, म्हणून मोठी कुंडी आणि धीर हवा. रोपच विकत आणा. थंडीत वाढ थांबते, पानं गळतात. तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नये. हातभर उंच झालं की शेंडा खुडावा, फांद्या फुटतात. सुटी पानं ओरबाडण्यापेक्षा टोकाकडून डहाळी कापलेली बरी.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी होऊन छोटं रोप बोडकं करू शकते. वेचून काढा. खायच्या पानांवर विषारी फवारे कशाला मारायचे?

आता कोथिंबीर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. उन्हाळ्यात पाला धरण्याआधीच ती फुलावर येते. किराणा दुकानातले धणे जुने असू शकतात, म्हणून पेरणीसाठी बियाण्याचंच पाकीट घ्या. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा. धणे दुभंगायला हवेत, कूट व्हायला नको. रात्रभर भिजवून सकाळी निथळून पेरा, वर अर्ध्या पेराएवढी माती.

उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, आणि नेमके याच दिवसांत वरची माती सुकून घात होतो. ओलं गोणपाट झाकून ठेवा, कोंब दिसताच काढा. पाणी झारीने किंवा शिंपडूनच. मूळ खोल जात असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला मानवत नाही. जिथे खायची तिथेच पेरायची. अर्धी कुंडी आज आणि अर्धी पंधरा दिवसांनी पेरली तर चटणीत खंड पडत नाही.

दीड महिन्यात बाहेरच्या काड्या कापायला येतात. उपटली नाही तर ती आणखी एक-दोनदा फुटते. पानं शेपूसारखी बारीक होऊ लागली, की फुलं येणार हे समजावं. मग कापत बसू नका, हिरवे धणे धरू द्या. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत ते पानांपेक्षा झणझणीत लागतात.