काहून रे देवा?

मागच्या एकादशीला अकोटजवळच्या आमच्या गावात भजन संपलं. टाळ गोळा करताना एक काकू हळूच म्हणाल्या, "माय, दोन वर्षं पराटी हातची गेली, यंदा मालक बी गेले. मी देवाले रोज इचारतो, काहून? असं इचारलं तं पाप लागते काय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

आपल्या वऱ्हाडातलंच एक घर आठवा. बुलडाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानतात. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्या घरानं अभंग रचले. पण महार जातीत जन्मले म्हणून पंढरपुरात राऊळाच्या आत पाय ठेवायची बंदी. देव आत, ही माणसं बाहेर.

सोयराबाई गप्प बसल्या नाहीत. विटाळ विटाळ म्हणता, मग हा देह घडला कशातून? विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह आहे का? असा त्यांचा रोकडा सवाल. कर्ममेळा तर आणखी तिखट. आम्हाला असा जन्म का दिलास, उष्टं का खायला लावलंस, तुला लाज कशी नाही, असं तो देवाला तोंडावर विचारतो. आणि वारकऱ्यांनी हे अभंग पुसून टाकले नाहीत. संतांच्या गाथेत ते जपून ठेवले.

का जपले? मला वाटतं, बाई सासरी जे बोलत नाही ते माहेरी आईपाशी बोलते, तशी ही गोष्ट आहे. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यापाशीच माणूस भांडतो. ज्याला देव नकोच, तो देवाशी भांडायला जाईल कशाला?

पण उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी नामही सोडलं नाही आणि हातचं कामही. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि १३३८ साली चोखोबा गेले. नामदेवांनी पंढरपुरात त्यांची समाधी बांधली, तीही महाद्वाराबाहेर. ते दार दलितांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षं लागली, बायांनो. देवाला विचारलं की लगेच मन शांत होतं असं कोणी सांगितलं, तर ते खरं मानू नका.

तुकोबांचंही तसंच. १६३० च्या दुष्काळात घरात अन्न नाही, थोरली बायको गेली, लेकरू गेलं. देवाशी ते कडकडून भांडले. आणि त्याच तुकोबांनी लोकांची कर्जखतं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. देवाशी भांडण मिटायची वाट बघत ते थांबले नाहीत. गरिबाला सोडवायचं, एवढं तर त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

एक घोटाळा मात्र होऊ देऊ नका. देवाचं ऐकायचं म्हणजे देवाच्या नावानं माणसं सांगतील ते सगळं ऐकायचं असं नाही. सोयराबाईंनी विठ्ठल मानला, विटाळ मानला नाही. नवरा गेला की कुंकू पुसा, बांगड्या फोडा, हळदीकुंकवाला येऊ नका, हे कोणी ठरवलं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या. तिथली माणसं काही देव सोडून बसली नाहीत.

तर काकू, तुम्ही ऐकत असाल. पाप लागत नाही. चुलीपुढं विचारा, निंदताना विचारा, रडून विचारा, रागावून विचारा. रात्र रात्र डोळा लागत नसेल, घास उतरत नसेल, तर आशाताईला सांगा, नाहीतर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. असा फोन लावला म्हणून देवावरचा भाव काही कमी होत नाही.

आणि येत्या एकादशीला मागं भिंतीला टेकून बसू नका. टाळ तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.