राणीच्या जबड्यातला पिठ्या

कपाशी, द्राक्ष, पपई किंवा सीताफळ ज्याने लावले आहे, त्याला पिठ्या ढेकूण काय प्रकार आहे हे सांगायला नको. पिठ्या आला की खोडावर मुंग्यांची रांग लागते हेही त्याला ठाऊक असते. त्या येतात पिठ्याच्या गोड, चिकट स्रावासाठी. तो आटला की दुसरीकडे पोट भरतात. असा हा सैल सौदा. पण याच्या दूरच्या भाईबंदांपैकी काही जण जमिनीखाली, झाडांच्या मुळांवर, अ‍ॅक्रोपायगा या फिकट पिवळ्या, जेमतेम डोळे असलेल्या मुंग्यांच्या वारुळातच जन्म काढतात. या मुंग्याही अन्नासाठी सहसा जमिनीवर येत नाहीत. ‘मुंग्यांची गुरे’ ही लोकप्रिय उपमा या जोडीला लावली की मुंगी मालक आणि पिठ्या मुके जनावर ठरतो. माझ्या मते पुरावा नेमका याच्या उलट बोलतो: इथे मालक कोणीच नाही.

पुराव्याचा एक धागा ओडिशात आहे. चिलिका सरोवरात, गंजाम जिल्ह्याच्या बाजूला, बरकुडा नावाचे चिमुकले बेट आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांचा या सरोवरावर भारी जीव. बरकुड्यावरच्या बिनपायांच्या सरड्याचे, बरकुडियाचे, वर्णन त्यांनी १९१७ मध्ये केले. इथल्याच मुळांवरचे पिठ्ये इटलीतल्या पोर्तिची येथील फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांच्या हाती गेले. प्रोट्युरा हा कीटकांच्या जवळचा गट १९०७ मध्ये जगापुढे आणणारा हा माणूस. विचित्र प्राणी ओळखायला त्याच्याइतका योग्य दुसरा कोण? १९२४ मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये त्यांनी या पिठ्याला ‘झेनोकॉकस अ‍ॅनन्डेली’ असे नाव दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅनन्डेल कलकत्त्यात वारले. नासपतीसारख्या घडणीचे शरीर, लांबलचक मिशा: पानावरच्या पिठ्याशेजारी हा ठेवला तर नाते पटायला वेळ लागावा. या पिठ्याची सोबतीण अ‍ॅक्रोपायगा अ‍ॅक्युटिव्हेन्ट्रिस. ती मात्र १८६२ पासून, श्रीलंकेतल्या नमुन्यांमुळे, शास्त्राला माहीत होती. मुंगी आधी, पिठ्या बासष्ट वर्षांनी. आपले लक्ष कोणाकडे असते ते यावरून कळावे.

खरी मेख आहे ती राणीच्या उड्डाणात. सुरीनामच्या कॉफीच्या मळ्यांत काम करणाऱ्या ब्यून्झ्ली यांनी १९३५ मध्ये नोंदवले, आणि पुढे इतर जातींत पुन्हा दिसले, की नवी राणी मीलनासाठी उडते तेव्हा तिच्या जबड्यात एक जिवंत पिठ्या असतो, बहुधा गर्भार मादी. नव्या वारुळातली पिठ्यांची सगळी वस्ती या एकीपासून वाढायची. ही मादी दगावली तर राणीचा वंश अडचणीत. राणीला बेडकाने गिळले तर पिठ्याही गेला. दोघांचा वारसा एकाच वाटेने चालला की एकाला बुडवून दुसऱ्याचा नफा होण्याची जागाच उरत नाही. ही रीत जुनी आहे: डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात अ‍ॅक्रोपायगाच्या राण्या त्यांच्या पिठ्यांसह गोठलेल्या सापडल्या आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की वारूळ उकरले की कामकरी मुंग्या पिठ्यांना उचलून पळतात. म्हणजे हुकूम मुंगीचाच. पण त्या आपल्या अळ्याही अशाच उचलतात, आणि अळ्यांची मालकी कोणाकडे असे आपण विचारत नाही. मुंग्या जास्तीचे पिठ्ये खात असतील, ही शंकाही घेतली जाते. समजा खातात, उपासमारीत मुंग्या स्वतःची पिल्लेही खातात. तेवढ्याने गोठा सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. नाते इतके घट्ट असेल तर दोघांच्या वंशावळी पायरीला पायरी जुळायला हव्यात, आणि तसे सरसकट दिसत नाही. अ‍ॅरिझोनातली अ‍ॅक्रोपायगा एपेडाना ही मुंगी झेनोकॉकसच्या गोतावळ्यातला सोबती सोडून ऱ्हायझोइकस वंशाचा पिठ्या पाळते. म्हणजे लाखो वर्षांच्या हिशेबात जोडीदार बदलले आहेत, हे मान्य करावेच लागते. पण त्या अ‍ॅरिझोनाच्या राणीचे उड्डाण अभ्यासकांनी पाहिले तेव्हा तिच्याही जबड्यात पिठ्या होता. जोडीदार बदलला, रीत बदलली नाही. आणि वरचा युक्तिवाद रीतीवर उभा आहे, अमुक एका जोडीदारावर नव्हे.