दुकान तुमचं, किल्ली कुणाकडे?

समजा, येवल्यात तुमचं पैठणीचं दुकान आहे. हिशेब सांभाळणाऱ्या हुशार पोरानं आठ वर्षांपूर्वी दुकानाची वेबसाइट काढून दिली. नोंदणी करताना स्वतःचाच ई-मेल टाकला, स्वतःच्याच कार्डानं पैसे भरले आणि नंतर ते शेठकडून मागून घेतले. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. आज साइटवर भाव जुने, फोन नंबर बंद, आणि पासवर्ड? तो कुणालाच ठाऊक नाही!

‘पोरानं फसवलं,’ असं शेठना पटकन वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. सगळं विश्वासावर चाललेलं असतं, एवढंच.

मुळात वेबसाइट ही एक वस्तू नव्हे. तिचं नाव, म्हणजे डोमेन, एका कंपनीकडे नोंदवलेलं असतं, तर पानं भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवर. जीव असतो तो नावात. पानं गेली तर पुन्हा बांधता येतात. नाव गेलं की छापलेल्या पिशव्यांपासून दुकानाच्या ई-मेलपर्यंत सगळंच वाया! ‘हूइज’ या नोंदवहीत डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे कुणालाही फुकट पाहता येतं. मालकाचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं.

मग आधी त्या पोरालाच फोन करावा, तोही गोडीनं. ई-मेल बदलून देणं त्याला फारसं अवघड नाही. तो सापडलाच नाही तर दुकानाच्या नोंदणीचे कागद, पैसे दिल्याच्या पावत्या आणि ओळखपत्र जोडून रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. नोंदीत दुकानाचं नाव असेल तर बाजू भक्कम. पोराचंच नाव असेल तर कागदोपत्री मालक तोच, आणि मग वकील गाठावा लागतो.

कायदा अगदीच पाठीशी नाही असं नाही. १९९९ मध्ये ‘रेडिफ’नं ‘रॅडिफ’ या नावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा डोमेनलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची सोयही आहे.

पण या धावपळीत मुदत विसरू नका. ‘डॉट कॉम’ नाव रद्द झालं, तर ३० दिवसांत जादा पैसे भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं. १९९९ च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्ट आपल्या एका डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि लोकांचं हॉटमेल अडलं. अखेर ऐन नाताळात ३५ डॉलर भरले ते मायकेल चेनी नावाच्या एका तिऱ्हाईत प्रोग्रॅमरनं!